कोकण किनारा प्रकल्प, गुहागर ते देवगड: सोलापुरातून केलेल्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. जानेवारीत कोकण, आपल्या गाडीने, समुद्र उजव्या हाताला ठेवून वरून खाली. लिहून ठेवतोय कारण आमच्या घरात रात्री ठरलेली गोष्ट सकाळी कुणालाच आठवत नाही आणि मग परत पहिल्यापासून चर्चा सुरू. मंडळी अशी: मी, प्राची, ईरा (तिसरीत), आई, बाबा आणि स्टेअरिंगला जोडीदार म्हणून मल्लू, माझा मावसभाऊ, अक्कलकोट रोडला राहतो, गाडी चांगली चालवतो पण गाणी त्याचीच लागतात. गाडी आमची अर्टिगा, सीएनजीवाली, म्हणजे डिकीतली निम्मी जागा टाकीनेच खाल्लेली, सामानाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं.

मेव्हण्याचा फोन आला होता. "दाजी, कशाला एवढं हाणताय गाडी, जूनपासून विमान सुरू झालंय की आपल्याकडनं गोव्याला." खरंय, होटगी रोडवरनं बसलं की तासाभरात गोवा. पण मला गोवा नकोय, मला मधला रस्ता पाहिजे. सोलापूरच्या माणसाला समुद्र म्हणजे उजनी, तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला जायचं आणि पलीकडचा काठ दिसला की परत फिरायचं. पलीकडचा काठ न दिसणाऱ्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी चालवायची एवढीच इच्छा आहे.

पहिला आराखडा नकाशावर काढला तर तो रेवस ते रेड्डी असा पूर्ण सागरी महामार्ग निघाला. साधारण पाचशे किलोमीटर. आपण म्हणतो पाचशे म्हणजे काय, सोलापूर-पुणे जाऊन येऊन, एका दिवसाचं काम. प्राचीने मोबाईलमध्ये वेळ बघितली आणि फोन माझ्यासमोर ठेवून चहा करायला गेली. काही बोलली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज फक्त घाट. देशावरून खाली उतरायचं तर घाट उतरावाच लागतो आणि कुठला घाट यावर सगळी ट्रिप ठरते, कारण जिथे उतरणार तिथून किनारा सुरू.

पुणे आणि ताम्हिणी घेतला तर दिवेआगर, श्रीवर्धन. सुंदर आहे पण पुण्यातून बाहेर पडेपर्यंतच जीव अर्धा होतो, शिवाय सुट्टीत अख्खं पुणे त्याच रस्त्याला. रद्द. कोल्हापूर आणि आंबा घाट घेतला तर सरळ रत्नागिरी, मंगळवेढा-सांगोला-मिरजेचा नवीन रस्ता मस्त झालाय, डोळे झाकून कोल्हापूर येतं. पण पुढे रत्नागिरीच्या बाजूला चौपदरीकरणाचं काम चालू आहे, आणि मुख्य म्हणजे रत्नागिरीत उतरलं की गुहागर-हेदवी वर राहून गेलं. गगनबावड्याचा करूळ आणि राधानगरीचा फोंडा हे दोन्ही सिंधुदुर्गात उतरतात, आंबोली तर अजून खाली सावंतवाडीला.

राहिला कुंभार्ली. सांगोला, आटपाडी, विटा, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. विट्यापासून पुढे हा जुना गुहागर-विजापूर रस्ताच आहे. विजापूर म्हणजे आपल्या शेजारचं, म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या ज्या रस्त्याच्या एका टोकाजवळ राहतोय त्याचं दुसरं टोक समुद्रात आहे हे मला आज कळतंय. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतील गुहागरपर्यंत.

उतरायचं कुंभार्लीने, चढायचं फोंड्याने. लिहिलं. मल्लूला सांगितलं तर म्हणला, "घाट तू उतर, चढायला मी आहे."

२९ नोव्हेंबर, शनिवार

वेळणेश्वरला ज्यांच्याकडे खोल्या बघितल्यात त्या काकांशी फोन झाला. अर्धा तास. खोल्यांवर दोन मिनिटं, बाकी माझी शाळा.

मी त्यांना माझा प्लॅन वाचून दाखवला, की पहिल्या दिवशी गुहागर बघून संध्याकाळी गणपतीपुळे मुक्काम. काका शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही किलोमीटर मोजताय. इकडे खाड्या मोजायच्या." आणि मग एकेक समजावलं. किनाऱ्याचा रस्ता सरळ नाहीच, दर थोड्या अंतरावर एखादी नदी समुद्राला मिळते आणि तिथे रस्ता संपतो. मग एकतर पूल असेल, नाहीतर फेरीबोट म्हणजे त्यांच्या भाषेत जंगलजेटी, नाहीतर आत जाऊन खाडीला वळसा. दाभोळ-धोपावे बोट, वेसवी-बागमांडले बोट, तवसाळ-जयगड बोट. बोटीत गाडीसकट चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे, पण बोट आपल्यासाठी थांबलेली नसते आणि सुट्टीत जेटीवर गाड्यांची रांग लागते. जयगडच्या खाडीवर पूल व्हायचाय, या मार्गावर बऱ्याच खाड्यांवर व्हायचेत, ते सगळे झाले की ही नोंदवही कालबाह्य. तोपर्यंत तवसाळची बोट चुकली तर राई-भातगाव पुलावरून वळसा, तो रस्ता पण चांगला आहे म्हणे.

वेगाचा हिशेब पण त्यांनीच दिला. आतल्या रस्त्याला ताशी तीस धरा. मी म्हणलं तीस? आपल्याकडे बैलगाडी तीसने जाते. काका म्हणाले रस्ता एका गाडीचा, समोरून एसटी आली की तुम्ही मागे घेणार, मग माडाच्या वाडीत कुणाच्या तरी गडग्याला आरसा घासणार, शिवाय दर वळणाला तुमची मंडळी थांबा थांबा फोटो म्हणणार. ते शेवटचं बरोबर आहे.

आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "हेदवीला बामणघळ बघायचीय ना? मग भरतीला या. ओहोटीला आलात तर नुसती भेग बघून जाल."

७ डिसेंबर, रविवार

आज सगळ्यात जास्त काम झालं आणि सगळ्यात जास्त मजा आली.

बामणघळ म्हणजे काय ते आधी लिहितो. हेदवीच्या किनाऱ्याला उमामहेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या बाजूच्या खडकात एक लांब अरुंद चीर आहे, समुद्राकडून आत येत गेलेली. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत शिरते, पुढे जागा नाही, मागून दुसरी लाट ढकलते, मग पाणी जाणार कुठे, वर. आवाज करत उडतं. जवळ उभं राहायचं नाही, खडक शेवाळलेले असतात आणि घळीत पडलेला माणूस वर येत नाही, काकांनी हे दोनदा सांगितलं. ईराचा हात बाबांच्या हातात आणि दोघं मागे, हा नियम आत्ताच लिहून ठेवतो.

तर प्रश्न असा की २३ जानेवारीला हेदवीत भरती कधी. मी ॲप शोधत बसलो तर बाबांनी भिंतीवरच्या खिळ्याचं पंचांग काढलं. दाते पंचांग, आपल्याच गावात निघतं, घरात दरवर्षी येतं, पण आजवर ते एकादशी आणि मुहूर्त यापलीकडे कुणी उघडलेलं मला आठवत नाही. बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक. म्हणाले, "तिथीला तिनाने गुण, चाराने भाग. येईल ती भरतीची वेळ. दिवसातून दोनदा."

म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. भरती तीन वाजता, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. सहा तासांनी ओहोटी. एवढंच. कारण विचारलं तर ते पण सोपं निघालं, चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरती पण रोज तेवढी पुढे सरकते, तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच गोल केलेला आकडा. मच्छीमार लोक हे तोंडावर करतात. समुद्रापासून एवढ्या लांब, ज्या गावात पाणी रोज येत नाही तिथे छापलेल्या पुस्तकातून समुद्राचं पाणी कधी चढणार ते निघतंय, मी बराच वेळ नुसता पानं उलटत बसलो.

मग चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शके १९४७, माघ शुक्ल पक्ष.
२२ तारीख गुरुवार, चतुर्थी, गणेश जयंती.
२३ शुक्रवार, वसंत पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार.
२४ शनिवार, षष्ठी. साडेचार.
२५ रविवार, सप्तमी, म्हणजे रथसप्तमी. सव्वापाच.
२६ सोमवार, अष्टमी. सहा.

काकांना फोन करून पडताळलं. ते म्हणाले हिशेब बरोबर पण तो मुंबई-अलिबागकडचा, भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते त्यामुळे आमच्याकडे त्याच्या आधी लागते, तुम्ही तीन वाजता घळीपाशी असा. म्हणजे अडीचला हेदवी. म्हणजे साडेबाराला गुहागर. म्हणजे सोलापुरातून निघायचं पहाटे साडेतीनला. आई म्हणाली, "काकड आरतीला जातोय का समुद्राला?"

अजून एक गोष्ट बाबांनी सांगितली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे अष्टमीला चढउतार सगळ्यात कमी. आपण जातोय पंचमी ते अष्टमी, म्हणजे उधाण उतरत आलेलं. घळीचं पाणी खरं बघायचं तर अमावास्येला जायला हवं, १८ जानेवारीला, पण ते गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, घरात पाहुणे, आणि २६ तारखेला जोडून सुट्टी हीच मिळते. जेवढं उडेल तेवढं बघू.

१४ डिसेंबर, रविवार

थांबे कापायचा दिवस. यादीत आत्ता जे जे आहे ते सगळं केलं तर शिवजयंती तिथेच करावी लागेल.

प्रत्येकाची एक हट्टाची जागा, त्याला हात लावायचा नाही, बाकी सगळ्यावर कात्री, असं ठरलं. आईचं गणपतीपुळे. बाबांचा विजयदुर्ग. ईराची बोट, कुठलीही, फक्त गाडीसकट चढायची. प्राचीचं म्हणणं तिला एका संध्याकाळी काहीही बघायचं नाही, वाळूवर बसायचंय आणि कुणी चला म्हणायचं नाही. हे मी यादीत "थांबा" म्हणून लिहिलं, कारण असं लिहिलं नाही तर त्या संध्याकाळी पण एखादं देऊळ शिरतंच. मल्लूला मासे. माझी बामणघळ.

आईला चतुर्थीलाच पुळ्यात असायचं होतं. गणेश जयंतीला पुळ्याला काय गर्दी असते ते शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा ती शनिवारला तयार झाली. तिथे देवळामागची टेकडीच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला, किलोमीटरभर होते. आईच्या गुडघ्याला झेपेल का विचारलं तर म्हणाली, तू गाडी लावायला जागा शोधेपर्यंत माझी होईल.

कापलेलं:
दापोली, हर्णै, दाभोळची बोट. वरच्या अंगाला राहतं, पुढच्या खेपेला.
थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवला, राजवाडा बांधून झाला १९१० ला आणि तो गेला १९१६ ला. मला बघायचा होता. पण शनिवारी संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्यावर सूर्यास्त की राजवाडा, तर रस्ता.
आणि मालवण. यावर तासभर रणकंदन. मल्लू म्हणतो कोकणात जाऊन मालवण नाही म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागेतच अंघोळ करून परत. पण सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीची रांग, मग किल्ला, मग तारकर्ली, हा अख्खा एक दिवस आणि तो आपल्याकडे नाही. घाईत मालवण करण्यापेक्षा न केलेलं बरं या मताचा मी आहे. मल्लूला देवगडला मासे मिळतात हे पटवल्यावर मतदान चार विरुद्ध दोन.

२५ डिसेंबर, गुरुवार

बुकिंगं झाली. वेळणेश्वर काकांकडे, दोन खोल्या. रत्नागिरी एका लॉजवर. तिसरी रात्र कुणकेश्वर. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) पूर्ण पैसे आधी मागितले आणि रद्द केलं तर परत नाही म्हणाले, तिथे नाही केलं. काकांनी ॲडव्हान्सच घेतला नाही, म्हणाले येताना शेंगाची चटणी आणा. किती आणू विचारलं तर म्हणाले तुम्ही सोलापूरचे, तुम्हाला माहीत.

आई शुद्ध शाकाहारी, आणि कोकणात शाकाहाऱ्यांची उपासमार होते असा तिचा समज. काकूंनी फोनवरच यादी वाचली: घावणे, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, सोलकढी, उकडीचे मोदक. आईचा आवाज बदलला. आंबा नाही मिळणार, जानेवारीत झाडाला मोहर असतो, हे ईराला आत्ताच सांगून ठेवलं, नाहीतर देवगडला रडारड.

३ जानेवारी २०२६, शनिवार

बाबा आणि विजयदुर्ग. यावर लिहायलाच पाहिजे कारण दोन दिवस घरात दुसरा विषय नाही.

विजयदुर्गाचं जे ते सांगतं की तिथे हेलियमचा शोध लागला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली जी कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस पण करतात. बाबांनी आयुष्यभर वर्गात हे शिकवलं आणि निवृत्तीनंतर खोलात गेले. त्यांचं म्हणणं असं की इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर, ज्यांचं नाव किल्ल्याशी जोडतात, ते त्या ग्रहणाला भारतात नव्हतेच, त्यांनी ती रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बघितली, ग्रहण नसताना. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच यान्सेन होते गुंटूरला.

पण बाबांना खरा आनंद वेगळ्याच गोष्टीचा. ग्रहणाची सावली समुद्रावरून आली ती आपल्या भागातून आंध्रात गेली. विजापूरला इंग्रजांचा कॅप्टन हेग दुर्बीण लावून बसला होता आणि जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल. जमखंडी! आमच्या आत्याचं सासर. "म्हणजे बघ," बाबा म्हणतात, "आपण विजयदुर्गाला जातोय बघायला, आणि निम्मे बघणारे आपल्या अंगणात बसले होते." जमीनीवर तो वायू सापडायला पुढे १८९५ उजाडलं, रॅम्सेनी काढला.

मी म्हणलं मग विजयदुर्ग कापू का यादीतून. असं बघितलं माझ्याकडे.

हेलियम सोडला तरी किल्ला मोठा आहेच. तीन बाजूंनी पाणी, तिहेरी तट, वाघोटण खाडीच्या तोंडावर, आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, १७५६ ला इंग्रजांनी घेतला. आणि गेल्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. त्याच वाटेवर कशेळीचं कनकादित्य, सूर्याचं देऊळ, आणि आपण तिथे पोचतोय नेमके रथसप्तमीला, तिथला उत्सवच त्या दिवसाचा. हे मी ठरवून केलेलं नाही, पंचांगात पडलं तसं आलं, पण आई सगळ्यांना सांगतेय की मुलाने कसं बरोबर जुळवलं. मी गप्प. कशेळीला शिलाहार भोजाचा ११९१ चा ताम्रपट आहे आणि विजयदुर्ग पण त्याच भोजाने बांधला असं मानतात, म्हणजे रविवार अख्खा एकाच राजाच्या हद्दीत.

११ जानेवारी, रविवार

गड्ड्याची गडबड सुरू. होम मैदानाकडनं गाडी काढायची सोय नाही. घरात पाहुणे, प्रकल्प बंद. फक्त गाडी सात रस्त्याच्या गॅरेजला टाकली: ब्रेक पॅड बदलले, कूलंट, वायपरचे रबर, स्टेपनीत हवा (ती पार बसली होती). मेकॅनिक म्हणला घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरतं. मल्लूला हे माहीत आहे असं मल्लूचं म्हणणं.

१८ जानेवारी, रविवार

पाहुणे गेले. आज अमावास्या, हेदवीला आज दुपारी उधाण असणार, आपण इथे हुरडा खातोय. बार्शी रोडला मित्राच्या शेतात गेलो होतो, तिथे आगटीपाशी बसूनच खालचा कागद पक्का केला.

शुक्रवार २३. पहाटे साडेतीन सोलापूर. सांगोल्यापर्यंत मी, पुढे कराडपर्यंत मल्लू. विट्याच्या पुढे उजाडेल. नऊच्या सुमाराला कोयनानगर, डबा तिथे. कुंभार्ली मी उतरवणार. अकरा चिपळूण, तिथे टाकी आणि पेट्रोल दोन्ही फुल, कारण पुढे किनाऱ्याला सीएनजीच्या भरवशावर राहायचं नाही, पेट्रोलवरच चालवायची. साडेबारा गुहागर, व्याडेश्वर, जेवण, आणि समुद्रावर पाच मिनिटं पण जायचं नाही, कारण एकदा ईरा पाण्यात गेली की तीन वाजता आपण गुहागरातच. अडीच हेदवी. घळ बघून मग दशभुजा गणपती. संध्याकाळी वेळणेश्वर, आणि हीच ती प्राचीची संध्याकाळ.

शनिवार २४. सकाळी सातला निघून तवसाळ जेटी. लाँग वीकेंड, रांग असणार. काका म्हणाले आदल्या रात्री ते जेटीवर विचारून ठेवतील. तासाभरापेक्षा जास्त थांबावं लागलं तर राई-भातगाव पूल. (हा निर्णय जेटीवर घेणार मी आणि मल्लू, ईराला विचारायचं नाही. पण बोट सुटली तर तिला सांगणार कोण हे ठरलेलं नाही.) पलीकडे जयगड, कऱ्हाटेश्वर, मग मालगुंड, पुळे. पुळ्याला समुद्रात उतरायचं नाही, तिथल्या पाण्यात दरवर्षी माणसं जातात, घोटाभर पाणी पण नको. दुपारी दर्शन, मोदक. चारनंतर आरे-वारे, किनाऱ्याला लागून वर चढणारा रस्ता, त्याच्यासाठी एवढा सगळा खटाटोप आहे असं म्हणलं तरी चालेल. सूर्यास्त सहा-साडेसहाच्या मध्ये. मुक्काम रत्नागिरी.

रविवार २५. पावस, पूर्णगड (मुचकुंदीच्या मुखावरचा छोटा किल्ला, झटकन होतो), कशेळी. जैतापूरकडून खाली, वाघोटण खाडीला वळसा, यात वेळ खाणार. साडेतीन-चारला विजयदुर्ग, भरती चढत असेल, तटाला पाणी लागलेलं दिसेल. अंधार पडायच्या आत कुणकेश्वर नाही झालं तरी चालेल, पण विजयदुर्गातून पाच वाजता बाहेर, बाबांना हे आत्ताच सांगितलं, त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही कळलं नाही.

सोमवार २६. सकाळी कुणकेश्वर, देवगडला झेंडावंदन दिसेल कुठल्या तरी शाळेत. मल्लूचे मासे लवकर, अकराला. मग नांदगावकडून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर, आणि नवीन रस्त्याने रात्री घर. सगळं मिळून हजार किलोमीटर धरलेत.

कागदावर जागोजागी मोकळ्या जागा सोडल्यात. प्राचीने विचारलं हे काय. म्हणलं तीसच्या वेगाचे.

२१ जानेवारी, बुधवार

डिकीचं भांडण झालं, ठरल्याप्रमाणे. टाकीमुळे मोठी बॅग बसत नाही म्हणून सगळ्यांच्या छोट्या पिशव्या. वाळूवर टाकायला दोन सोलापुरी चादरी, टॉवेल तर कारखान्यातलेच, दुसरं काही नाही तरी पुसायची कमतरता नाही आपल्याकडे. शेंगाची चटणी अर्धा किलो काकांना, पाव किलो आपल्याला, आई म्हणते उलट पाहिजे होतं. कडक भाकरी, धपाटे, दही नको (घाटात सांडतं). आईच्या गुडघ्याचा पट्टा, ईराच्या उलटीच्या गोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या सीटच्या मागे हाताशी. रोख पैसे सुट्टे, जेटीवर नेटवर्कचा भरवसा नाही.

पंचांग बरोबर घ्यायचं की नाही यावर चर्चा. वेळा कागदावर आहेत, फोटो मोबाईलमध्ये आहेत, गरज नाही. बाबांनी ते पिशवीत घातलेलं मी बघितलंय.

२२ जानेवारी, गुरुवार

गणेश जयंती. आईने घरी मोदक केले, निम्मे डब्यात उद्यासाठी.

काकांचा फोन: जेटीवर गर्दी वाढतेय, शनिवारी सातला नको, साडेसहाला निघा. कागदावर खोडून साडेसहा केलं. आणि घळीपाशी काल दुपारी ते स्वतः जाऊन आले, पाणी अजून बऱ्यापैकी उडतंय म्हणाले.

गाडी खाली पार्किंगला तोंड रस्त्याकडे करून लावली. मल्लू आज झोपायला इथेच आलाय आणि येतानाच पेनड्राइव्ह लावून ठेवलाय. गजर अडीचचा. शेजारी म्हातारे आजोबा आहेत, म्हणून पहाटे हॉर्न नाही, दारं आपटायची नाहीत, आणि ईराला झोपेतच उचलून मधल्या सीटवर.